होडीला तांबडी रेघ पाहिजेच



एरवी या पानावर मी केळीच्या करप्याचं, उसाच्या पाचटाचं, नाहीतर जळालेल्या मोटारीचं लिहितो. आज होडीबद्दल लिहितोय. काठावरच्या शेतकऱ्याला होडी हे पण औजारच आहे. पाभर, फवारणी पंप, ट्रॅक्टर, तशी होडी. परवा आमची होडी वर्षाची झाली म्हणून डांबर लावायला काठावर ओढली, तेव्हा वर्षभर मनात साठलेलं सगळं वर आलं. लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव उजनीच्या बॅकवॉटरला, करमाळा तालुक्याच्या बाजूला. 1980 ला धरण पुरं झालं तेव्हा मी शाळकरी पोर होतो. आज्याची नदीकाठची काळी जमीन पाण्याखाली गेली. उरली ती वरची माळाची चार एकर, आणि पाण्याच्या पलीकडं टेकाडावर दीड एकर. या दीड एकराला जायचं तर रस्त्यानं मोठा वळसा, आणि पाण्यातनं गेलं तर पंधरा मिनिटं.

बाहेरच्या मंडळींसाठी एक सांगतो. उजनी भरलं की साधारण 117 टीएमसी पाणी असतं. त्यातलं 63 टीएमसीच्या वर मृतसाठा. म्हणून उन्हाळ्यात बातमीत "उजनी उणे" असं येतं, तरी पाणी संपलेलं नसतं, ते फक्त लांब गेलेलं असतं. मग आपण मोटार, पाइप, केबल घेऊन पाण्याच्या मागं मागं चालायचं. एका उन्हाळ्यात चार-पाच वेळा मोटार पुढं सरकवायची. चारी खणायची. पाणी उतरलेल्या गाळपेरीत जायचं. हे सगळं होडीशिवाय होत नाही. त्यामुळं होडी हौसेची नाही, गरजेची आहे.

आमच्याकडं आधी पत्र्याची होडी होती. वल्ह्याची. तिला तळाला गंज लागून तीन ठिकाणी थिगळं मारलेली. तेवढ्यात 21 मे 2024 उजाडला. त्या दिवशी संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली होडी वादळी वाऱ्यात पाण्याच्या मध्यावर उलटली. सहा जणं गेली, त्यात लहान लेकरं. एक जण पोहून बाहेर आला. काठावरच्या प्रत्येक गावातलं कोण ना कोण त्या पाण्यावरनं तसंच जात-येत होतं. आमच्या घरचे पण. कितीदा गेलो असू, मोजलं नाही. त्या आठवड्यात आमच्या घरात जेवताना कोणी बोलत नव्हतं.

त्याच्या आधी पाच वर्षं, 8 ऑगस्ट 2019 ला, महापुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला होडी उलटली होती. ती तर पुरातनं माणसं बाहेर काढायला निघालेली होडी. म्हणजे हेतू चांगला असला म्हणून पाणी सोडत नाही.

लाकडाचीच का

पत्र्याची होडी मोडीत काढायची हे ठरलं. थोरला दादा म्हणाला, दुसरी पत्र्याचीच जुनी बघू, स्वस्तात मिळती. मुलगा म्हणाला फायबरची घेऊ. मी म्हणालो लाकडाची करू, घरी करू.

कारण सांगतो. पत्र्याच्या होडीत पाणी भरलं की ती दगडासारखी तळाला जाते. लाकडाच्या होडीत पाणी भरलं, ती उलटली, तरी लाकूड तरंगतं. इंजिनाचं वजन बेताचं असेल तर ती पाण्याच्या वर-खाली पडून राहते, पण जात नाही. धरायला काहीतरी राहतं. फायबर हलकी, चांगली, पण आत हवेचे बंद कप्पे नसतील तर ती पण भरल्यावर जाते. आणि फुटली तर दुरुस्तीला माणूस बाहेरनं आणावा लागतो. लाकडाला आपला सुतार आहे.

आमचे सुतारमामा सत्तरीचे. बैलगाड्या करण्यात आयुष्य गेलं, तरुणपणी दोन होड्या केलेल्या. त्यांना विचारलं तर म्हणाले, "करीन, पण हातभार तुमचा. मला आता करवत ओढवत न्हाय."

दिवाळी 2024 च्या आधी सुरुवात केली. तळाला आणि बाजूला सागवानाच्या एक इंची फळ्या, वखारीतनं पावती घेऊन आणल्या. आतल्या बरगड्यांना बाभूळ, आमच्याच बांधावरची. सगळे सुतार सरळ लाकूड शोधतात, पण होडीच्या बरगडीला नैसर्गिक वाकलेलं लाकूड लागतं. सुतारमामा हातात काठी घेऊन बांधाबांधानं फिरले, आणि ज्या फांद्या आम्ही सरपणाला ठेवलेल्या त्यातनं निवडून काढल्या. वाकलेल्या फांदीत लाकडाची शीर वाकानंच जाते, म्हणून ती मोडत नाही. सरळ लाकूड कापून वाक आणला तर शीर तुटते आणि तिथंच ते फाटतं. हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

बाभळीचे ओंडके दोन-अडीच महिने पाण्यात टाकून ठेवले, म्हणजे नंतर भुंगा लागत नाही. मग सावलीत वाळवले. कामाला कोण कोण होतं ते सांगतो. मी, मुलगा, दादाची दोन पोरं, शेजारचा मासेमार दोस्त, आणि गावातला वेल्डिंगवाला. रविवारी दहा-बारा माणसं गोळा व्हायची. आमच्या मंडळींनी आणि वहिनींनी सुताचे पेळू करून जवसाच्या तेलात भिजवून दिले. तेच फळ्यांच्या फटीत पटाशीनं ठासायचे आणि वरनं गरम डांबर. खिळे जस्त चढवलेले, आणि जिथं जोर येतो तिथं बोल्ट.

लांबी सोळा फूट. तळ सपाट, साडेतीन फूट रुंद. वर साडेचार फूट. बाजू अठरा इंच उंच. सपाट तळ घेतला कारण उन्हाळ्यात पाणी उथळ होतं आणि काठाला चिखल असतो, तिथं खोल तळाची होडी रुतते.

इंजिन पॉवर वीडरचं. गिअरबॉक्स गेलेला वीडर गोठ्यात पडून होता, त्याचं सात एचपीचं पेट्रोल इंजिन चांगलं होतं. दादाचं म्हणणं होतं, जुन्या डिझेल पंपाचं इंजिन बसवू, तेलाला स्वस्त पडतं. ते इंजिन उचलायला चार माणसं लागतात. चार माणसांचं वजन होडीच्या मागच्या टोकाला कायमचं ठेवायचं म्हणजे होडी मागनं बसणार. शेवटी वीडरचं ठरलं. वेल्डिंगवाल्यानं लांब पाइपात शाफ्ट घालून टोकाला पंखा बसवला. उथळ पाण्यात पंखा वर उचलता येतो. पाइप धरूनच वळवायचं, वेगळं सुकाणू नाही.

सगळा खर्च धरून साठ-पासष्ट हजारांत होडी झाली. मजुरी धरली नाही, जेवणं धरली नाहीत.

2025 च्या पाडव्याला पाण्यात लोटली. नारळ फोडला, सगळी मंडळी काठावर, आणि तासाभरात तळात चार बोटं पाणी! माझं तोंड उतरलं. सुतारमामा मात्र तंबाखू मळत बसले. म्हणाले, "लाकूड तहानलेलं हाय. पिऊ दे त्याला." तिसऱ्या दिवशी लाकूड फुगून फटी आपोआप बंद. नवी लाकडी होडी पहिल्या दिवशी गळती म्हणून कोणी घाबरू नका, पण ती मुरल्याशिवाय खोल पाण्यात नेऊ पण नका.

रेघ कशी ठरली

आता मुद्द्याचं.

सूनबाई बी.एस्सी. ॲग्री आहे. ती म्हणाली, "मामा, टाकीचं माप काढतो तसं होडीचं काढू." तिनं काढलेला हिशोब असा. तळाचं क्षेत्रफळ साधारण पंचेचाळीस चौरस फूट. होडी एक इंच खाली बसली की पावणेचार घनफूट पाणी बाजूला सरतं. एका घनफुटात 28 लिटर, म्हणजे 28 किलो. गुणिले केलं की एका इंचाला साधारण 105 किलो. म्हणजे माझ्यासारखा एक माणूस चढला की होडी अर्ध्या इंचापेक्षा जरा जास्त खाली जाते.

कागदावरचं खरं का ते बघायला खताच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरली, काट्यावर पन्नास-पन्नास किलो मोजली. उथळ पाण्यात एकेक गोणी चढवत गेलो आणि मुलगा खडूनं खूण करत गेला. रिकामी होडी इंजिनासकट तीन इंच बुडाली होती. आठ गोण्या, म्हणजे चार क्विंटल टाकल्यावर सात इंचाला एक केसभर कमी. बाजू अठरा इंच. उरली अकरा इंच. सव्वा वीत.

मग मी विचारलं, बारा माणसं बसली तर? आमच्याकडं बारा माणसं या मापाच्या होडीत बसतात, ही नवलाची गोष्ट नाही. सूनबाई म्हणाली साडेनऊ इंच बुडंल, उरंल साडेआठ. एक वीत पण नाही.

शांत पाण्यात साडेआठ इंच भरपूर वाटतात. हीच फसगत आहे. वैशाखात दुपारनंतर वळवाचा वारा सुटला की उजनीच्या उघड्या पाण्यावर दीड-दोन फुटाची लाट उठते. एक लाट आत आली की ते पाणी एका जागी बसत नाही. होडी जिकडं झुकंल तिकडं पळतं, आणि होडीला आणखी तिकडंच झुकवतं. अर्धा भरलेला पाण्याचा टँकर वळणावर का उलटतो, ते ज्यानं टँकर ओढलाय त्याला सांगायला नको. त्यात माणसं घाबरून एका बाजूला सरकली की संपलं.

म्हणून सात इंचावर दोन्ही बाजूंनी तांबड्या ऑइलपेंटनं रेघ ओढली. रेघ पाण्याखाली गेली की होडी सुटायची नाही. आतल्या फळीवर मुलानं लिहिलं, "माणसं 6. लेकरू पण माणूस."

ही काही आमची अक्कल नाही. समुद्रातल्या जहाजांवर अशी रेघ असते. इंग्लंडात प्लिमसोल नावाच्या खासदारानं त्यासाठी भांडण केलं आणि 1876 ला तिथं तसा कायदा झाला. मालकांनी जास्त माल भरायचा आणि खलाशांनी मरायचं, हे तिथं पण चालत होतं. दीडशे वर्षं झाली. आमच्या पाण्यावर अजून अशी रेघ काढलेली होडी मला तरी दिसलेली नाही.

जावळाचा दिवस

आता जे घडलं ते सांगतो, आणि यात मी शहाणा ठरलो असं काही नाही.

होडीला दीड महिना झाला होता. आमची आक्का पलीकडच्या काठाला इंदापूर तालुक्यात दिलीय. तिच्या नातवाचं जावळ होतं. दुपारी तीनला काठावर आलो तर दादा, वहिनी, पोरं, सुना, धरून अकरा माणसं. त्यात तीन लेकरं. शिवाय आहेराची भांडी आणि गव्हाचं एक पोतं.

मी म्हणालो, "दादा, सहाच. बाकीच्यांनी जीपनं जा."

दादा म्हणाला, "आरं, लेकरं काय वजनाची हायत का? आन् जीपनं जायाला अडीच तास. आक्का वाट बघतीया."

"दोन खेपा करू म्हणलं असतं, पण दुसऱ्या खेपेला उशीर होतोय. वाऱ्याची वेळ हाय."

"कुठाय वारं? पान हालतंय का बघ."

खरंच हालत नव्हतं. पाणी आरशासारखं. दादा म्हणाला, "तुझ्या त्या रंगाच्या पट्ट्यापायी आक्काचं जावळ बुडवतोस व्हय?"

मी काही बोललो नाही. इंजिनाची दोरी काढून खिशात घातली. ही दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला असते, ती निघाली की इंजिन बंद पडतं. दोरीशिवाय होडी सुटत नाही. सगळे जीपनं गेलो, मी पण गेलो. पोचलो तेव्हा साडेसहा वाजलेले. जावळ उरकलं होतं, मामाच्या मांडीवर बसवायचं ते दुसऱ्याच कोणाच्या मांडीवर बसवलं होतं. आक्का रडली. दादा सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाला, "आमच्या धाकट्याला पाण्याचं भ्या वाटतं."

आणि त्या दिवशी वारा आलाच नाही. रात्री नऊपर्यंत पाणी तसंच आरशासारखं होतं. दादानं दुसऱ्या दिवशी मला हाक मारून सांगितलं, "बघितलंस का?" त्यानंतर दोन महिने बोलणं बंद. बांध एक, विहीर एक, मोटारीचं बिल एक, आणि बोलणं नाही. ज्याच्या घरात भावकी आहे त्याला हे कळंल.

मी पण रात्री विचार करत पडायचो. खरंच मी चुकलो का? अकरा जणं गेलो असतो तर काही झालं नसतं, हे आता मला माहीत आहे. पण दुपारी तीनला माहीत नव्हतं. दादाला पण नव्हतं. फरक एवढाच की दादा अंदाजावर सुटायला तयार होता.

मला केळीचं आठवलं. करपा यायच्या आधी आपण प्रतिबंधक फवारणी घेतो. त्या वर्षी हवा कोरडी राहिली, करपा आलाच नाही, की शेजारी म्हणतो, "उगा औषध वाया घालवलंस." त्याला काय उत्तर द्यायचं? फवारणी वाया गेली असं म्हणणारा माणूस ज्या वर्षी करपा येतो त्या वर्षी दुकानात रांगेत उभा असतो. केळीचा एक हंगाम गेला तर कर्ज होतं, फेडता येतं. इथं तशी सोय नाही.

माझं म्हणणं

माझं म्हणणं एवढंच आहे. होडी बांधताना जो हिशोब शांतपणे केलाय, तो काठावर उभं राहून मोडायचा नाही. काठावर नाती असतात, घाई असते, रुसवे असतात. तिथं माणसाला "नाही" म्हणता येत नाही. म्हणून "नाही" म्हणायचं काम रेघेला द्यायचं. रेघेला भाऊ नसतो, पाहुणा नसतो.

आपल्या सगळ्यांची एक खोड आहे. उसाची ट्रॉली भरली तरी वर शेवटची मोळी टाकायची. टेंपोत आणखी दोन क्रेट घालायचे. जमिनीवर ट्रॉली उलटली तर बऱ्याच वेळा माणूस उडी मारतो. पाण्यात उडी मारून जायचं कुठं?

इंजिनाबद्दल पण सांगतो. इंजिन वाईट नाही. पण वल्ह्याच्या काळात आम्ही काठाकाठानं जायचो, आभाळ बघायचो, हात दुखले की थांबायचो. इंजिन आल्यापासनं सरळ मधनं जातो. वेळ वाचला, पण वारा आल्यावर काठ पण लांब राहिला. आणि आवाजात लांबचं गरजलेलं ऐकू येत नाही. इंजिनानं होडीची ताकद वाढत नाही, फक्त वेग वाढतो. सात एचपी लावा नाहीतर सतरा, बाजू अठरा इंचच राहते.

यावर दोन बोलणी मला ऐकायला मिळतात. दोन्ही खोटी नाहीत.

पहिलं, मासेमार दोस्ताचं. तो म्हणतो, "सहा माणसांत तेलाचं पण निघत न्हाय, सवारी करणाऱ्यानं जगायचं कसं?" खरं आहे. पण मग भाडं वाढवा, उघड सांगा. वीस रुपये जास्त द्यायला लोक कुरकुर करतील, पण देतील. स्वस्त भाड्याची भरपाई जास्त माणसं कोंबून करायची, हा धंदा नाही. आणि कुगाव-शिरसोडी पूल मंजूर झालाय, तो होईल तेव्हा होईल, तोवर रोज माणसं पाण्यावरनंच जाणार आहेत.

दुसरं, अडीनडीचं. रात्री कोणाला साप चावला, कोणी बाळंतपणाला अडली, तर रेघ बघत बसायचं का? तेव्हा तर जास्तच बघायची. पेशंट, एक सोबत, एक चालवणारा. बाकीच्यांनी काठावर थांबायचं. पेशंटबरोबर आठ जण चढतात ती माया असते, पण पाण्यावर तिचं पण वजन होतं.

आता सरकारी बाजू. इंजिनाची होडी 2021 च्या देशांतर्गत जलयान कायद्यात येते, म्हणजे नोंदणी आणि तपासणी आली. मी विचारपूस केली, अर्ज केलाय. कायद्याला माझा विरोध नाही, उलट पाहिजेच. पण काठावरचा शेतकरी सोळा फुटाची होडी ट्रॉलीत घालून शहरात नेणार नाही, आणि म्हणून बहुतेक होड्या बिनकागदाच्याच राहतात. लाळ्या-खुरकुताची लस टोचायला डॉक्टर गोठ्यावर येतात, तसं वर्षातनं एकदा काठावर शिबिर घ्या. होडी तिथंच मोजा, तिथंच रेघ मारून द्या, तिथंच कागद द्या. कृषी खात्यातली, कृषी विज्ञान केंद्रातली जी मंडळी हे पान वाचतात त्यांनी शेतीशाळेत ठिबकाबरोबर एक तास होडीला द्यावा. काठावरच्या गावाला त्याची गरज आहे.

आम्ही पाळतो ते

1. निघायच्या आधी दोन्ही बाजूंची रेघ बघायची. एका बाजूची बुडाली तरी थांबायचं.

2. मार्च ते जून दुपारी दोननंतर उघड्या पाण्यात जायचं नाही. मोटारीचं काम सकाळीच. पश्चिमेला ढग काळा दिसला तर होडी सुटायची नाही.

3. जॅकेट अंगात घालून पट्टे आवळायचे. फळीखाली ठेवलेलं जॅकेट वाऱ्यात सापडत नाही.

4. फळ्यांखाली 35 लिटरचे सहा रिकामे कॅन, बुच घट्ट लावून, दोरीनं पक्के बांधलेत. आम्ही उथळ पाण्यात होडी मुद्दाम पाण्यानं भरून बघितली. सहा जण कडेला धरून राहिलो, होडी गेली नाही.

5. उलटली तर होडी सोडायची नाही. पोहता येणारा पण काठाकडं निघाला की दमतो, काठ दिसतो त्यापेक्षा लांब असतो. धरून राहायचं. हे घरातल्या लेकरांनापण पाठ आहे.

6. उभं राहायचं नाही. जड सामान तळाला, मधोमध.

7. पाण्यात मोटारीची केबल असंल तर आधी स्टार्टर बंद, मग होडी जवळ न्यायची. पंख्यात केबल गुंतली तर काय होईल ते सांगायला नको.

परवाचं

परवा होडी काठावर ओढली तेव्हा दादा पण आला होता. आता बोलतो, पण मोजकं. ओढायला दहा हात लागतात, आणि भावाची होडी ओढायला भाऊ येतोच. तळ खरडला, दोन ठिकाणी सूत नव्यानं ठासलं, डांबर झालं. रेघ वर्षभराच्या उन्हापाण्यानं फिकी पडली होती. मी तांबड्या रंगाचा डबा उघडला.

दादा म्हणाला, "आता नवी मारतोयस तर दोन इंच वर घे की. येवढं काय हुतंय?"

दोन इंच म्हणजे दोन क्विंटल. तीन-चार माणसं. मी म्हणालो, "दादा, टेप धर."

तो थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग खाली बसला आणि टेपचं टोक तळाला लावून धरलं. मी सात इंचावर खूण केली. तो म्हणाला काहीच नाही, मी पण नाही. त्याला पटलंय असं मी म्हणत नाही. या वैशाखात आक्काकडं परत काहीतरी कार्यक्रम असंलच, तेव्हा कळंल.

तुमच्या काठावर होडी असंल तर एवढं करा. आठ गोण्या वाळू, एक काटा, एक खडू आणि रंगाची छोटी डबी. एका सकाळचं काम आहे. आणि रेघ मारताना घरातलं जे माणूस सगळ्यात जास्त वाद घालतं, त्यालाच टेप धरायला बसवा.

राम कृष्ण हरी.